फुलं येत नाहीत? आधी गॅलरी कुठल्या दिशेला ते सांगा

मे संपत आलाय, अंगाची लाही होतेय आणि आलेल्या पत्रांतली निम्म्याच्या वर पत्रं वेलींचीच आहेत, त्यामुळे गुलाबवाल्यांनी आणि ‘तुळस जळते’वाल्यांनी या वेळी जरा थांबा. एक तक्रार आधीच करून घेते. कुंडी किती इंची, खत कुठलं, नर्सरीवाल्याने किती पैसे उकळले हे सगळं तुम्ही अगदी सविस्तर लिहिता, पण गॅलरी कुठल्या दिशेला आहे आणि समोरची बिल्डिंग किती लांब आहे हे कोणी लिहीतच नाही. मी काही बॉटनी शिकलेली नाहीये, बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर 30 वर्षं कुंड्या मारत मारत शिकलेय, आणि त्यातून एवढं नक्की कळलंय की मुंबईत झाडाचं नशीब खतापेक्षा खिडकी ठरवते.

प्रश्न : ताई, माझी मधुमालती 3 वर्षांची आहे, 14 इंची कुंडीत आहे, वेल ग्रिलच्या बाहेर फोफावलीय, पण एक फूल येईल तर शपथ. दर महिन्याला शेणखत देते. स्लायडिंग खिडकीत अडकते म्हणून दोन महिन्यांनी शेंडे छाटते. गॅलरी उत्तरेला, समोर 20 फुटांवर दुसरी विंग. (कांदिवली)

उत्तर : काकू, तुम्ही दिशा लिहिलीत, तुमच्या तोंडात साखर पडो! उत्तरही तुमच्याच पत्रात आहे, दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे ऊन. मुंबई साधारण 19 अंश उत्तरेला आहे, म्हणून 15 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटी पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. शून्य सावलीचे दिवस म्हणून पेपरात येतं ना, तेच. म्हणजे तुमच्या गॅलरीला भरदुपारचं ऊन मिळायचे हे एवढेच दोन-अडीच महिने, त्यातले जून-जुलै ढगात गेले, आणि उरलेलं समोरच्या विंगने खाल्लं. मधुमालतीला रोजचं 5-6 तास ऊन लागतं. ते नसलं तर ती उजेड शोधत नुसती लांब लांब जाते. तुम्हाला वाटतं फोफावली, प्रत्यक्षात ती बिचारी बाहेर पडायची वाट शोधतेय.

दुसरं, कात्री. मधुमालतीची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, आणि तुम्ही दर दोन महिन्यांनी नेमकी तीच टोकं उडवताय. हिला वर्षातून एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत चांगली दणकून छाटायची, जुन्या जाड फांद्या अर्ध्यावर आणायच्या, आणि मग दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. खिडकीत अडकणारा एखादा शेंडा कापायचा नाही, वळवून सुतळीने ग्रिलला बांधायचा. हातमोजे घाला मात्र, पानं गळली की देठाचा खालचा तुकडा फांदीवरच राहतो आणि वाळून काट्यासारखा टोचतो. मी एकदा मनगटावर अशी लांबलचक रेघ ओढून घेतली होती की ऑफिसात सगळे विचारायचे मांजर पाळलंय का. आणि खतही दर महिन्याला नको हो, शेणखताच्या जोडीला तीन-चार महिन्यांनी मूठभर बोनमील, बास.

पण खरं सांगू का, हे सगळं करूनही उत्तरेच्या त्या गॅलरीत फूल येईल याची गॅरंटी मी देणार नाही. सोसायटीच्या गेटजवळ ऊन असेल तर कमिटीला विचारून ती खाली जमिनीत लावा, दोन वर्षांत दुसरा मजला गाठेल. संध्याकाळी उघडताना फूल पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल, म्हणजे एकाच झुपक्यात तिन्ही रंग. रात्री पांढऱ्या फुलावर आणि वासावर पतंग येतात, दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरं. रवींद्रनाथ टागोरांनी हिला मधुमंजरी असं नाव दिलं होतं, बंगाल्यांकडे अजून तेच चालतं. आणि हो, संस्कृत काव्यातली माधवीलता ती ही नव्हे, ती वेगळी, आपण तिला हळदवेल म्हणतो. ही रंगूनवाली, इंग्रजीत रंगून क्रीपर म्हणतात ती. नर्सरीत ‘माधवी’ मागितलीत तर दहापैकी नऊ वेळा हीच हातात पडते.

गॅलरीत काय लावू म्हणाल तर मनीप्लांट किंवा सिंगोनियम, नुसत्या पानांवर समाधान माना. मनीप्लांट टांगू नका, जाड काठीवर नारळाचा काथ्या गुंडाळून तिच्यावर चढवा. खाली लोंबणाऱ्या मनीप्लांटची पानं लहान राहतात, वर चढणाऱ्याची मोठी होत जातात. चोरून आणलेलाच लागतो वगैरे काही नाही, माझा विकत घेतलेला मस्त चाललाय (पैसा मात्र आलेला नाही).

प्रश्न : सातवा मजला, पश्चिमेची टेरेस, समोर थेट समुद्र. बोगनवेलीच्या 4 कुंड्या, ड्रिप लावलंय, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, महिन्यातून दोनदा युरिया. पानं तजेलदार, फुलं शून्य. नर्सरीवाला म्हणतो आणखी खत द्या. (वर्सोवा)

उत्तर : दादा, नर्सरीवाला खत विकतो ना, मग तो दुसरं काय म्हणणार.

जागा तुमची लाखात एक आहे. खारा वारा, पश्चिमेचं रणरणतं ऊन, यात जाई-जुई करपली असती, बोगनवेल मात्र याच्यावरच पोसते. बिघडवलंय ते तुमच्या लाडाने. बोगनवेलीला रोज पाणी आणि वर युरिया मिळाला की तिला वाटतं सगळं छान चाललंय, वाढू या नुसतं, फुलायची घाई काय आहे. युरियातल्या नत्राने पानं येतात. फुलं येतात ती थोडा ताण बसल्यावर. युरियाची पिशवी आजच कोणाला तरी देऊन टाका.

आता लगेच काही करू नका, कारण पाऊस दाराशी आलाय आणि पावसात ती पानंच काढणार. चार महिने ड्रिप बंद, कुंड्या शक्य तेवढ्या छज्जाखाली सरकवा आणि कुंडीचं भोक तुंबलेलं नाही ना ते बघा, हिला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सुरू झाली की वाढलेल्या फांद्या एक-तृतीयांश छाटा आणि मग मन घट्ट करून पाणी तोडा. पानं दुपारी जरा माना टाकायला लागली की थोडं पाणी, मग परत थांबा. असे दोन-तीन फेरे झाले की नव्या फुटव्यांवर रंग दिसायला लागेल आणि नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तुम्हाला खाली वाळूवरून आपली टेरेस ओळखू येईल. कुंडी बदलायची हौस मात्र आवरा, हिच्या मुळांना हात लावलेला आवडत नाही आणि कुंडीत दाटीवाटीने राहिली तरच ती जास्त फुलते.

आपण ज्याला फूल म्हणतो तो रंगीत कागदासारखा भाग खरं तर पानच असतं, त्याच्या मधोमध ती बारीक पांढरी नळी दिसते ना, ते तिचं फूल. वेल मूळची ब्राझीलकडची. बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजांबरोबर वनस्पती गोळा करायला कॉमर्सन नावाचा माणूस गेला होता, सफर 1766 ते 1769 ची, वेलीला नाव लागलं कप्तानाचं. कॉमर्सनबरोबर झान बारे नावाची बाई होती, तेव्हा फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी म्हणून पुरुषाच्या वेशात, आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली बाई म्हणून तीच ओळखली जाते. बोगनवेलीला तिचं नाव लागलं असतं तर मला जास्त आवडलं असतं!

जाता जाता एक. सातव्या मजल्यावर कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुंडी ठेवली असेल तर पाऊस येण्याआधी आत घ्या. भिजलेल्या मातीची 12 इंची कुंडी 15-20 किलोच्या घरात जाते आणि खाली माणसं चालतात.

प्रश्न : मांजर आहे घरात. अलामांडा लावू का? (माहीम)

उत्तर : नको. तिच्या चिकाने माणसाच्या कातडीलासुद्धा खाज सुटते आणि मांजराने पान चावलं तर उलट्या. वर सांगितलेला मनीप्लांटही मांजराच्या तोंडाची आग करतो, तो उंच ठेवा. गोकर्ण लावा, पण बिया पिशवीत बंद ठेवायच्या, त्यांनीही पोट बिघडतं.

प्रश्न : कृष्णकमळाची वेल 15 दिवसांत पार उघडी झाली. तपकिरी, काटेरी अळ्या आहेत, रोज नवीन. कुठलं औषध मारू? (ठाकुर्ली, पण माहेर गिरगाव!)

उत्तर : औषध नको गं, तुझ्याकडे पाहुणे आलेत. केशरी पंखांचं, काळ्या ठिपक्यांचं, अगदी आळसावल्यासारखं हळू उडणारं फुलपाखरू आसपास दिसतंय का? टॉनी कोस्टर म्हणतात त्याला, आणि त्याच्या अळ्या कृष्णकमळाच्याच घराण्यातल्या वेली खातात. पानातलं विष ते अंगात साठवतं म्हणून पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत आणि म्हणूनच त्याला जोरात उडायची गरज पडत नसावी, हा माझा आपला अंदाज. वेल मरत नाही. मुळं शाबूत असली तर पावसात पुन्हा हिरवीगार होते. मी काय करते, निम्म्या अळ्या चमच्याने उचलून कंपाउंडच्या भिंतीवर जी रानटी कृष्णकमळाची वेल आलीय तिच्यावर सोडते, निम्म्या राहू देते. पानांच्या मागे पिवळे बारीक अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढं पान काढायचं. बाजारातलं जहाल औषध मारलंस तर अळ्या मरतील आणि फुलावर येणारे भुंगेपण मरतील.

100 पाकळ्या कौरव, मधले 5 पांडव आणि वरचे 3 ब्रह्मा-विष्णू-महेश हे आपण लहानपणापासून ऐकलंय. वेल मूळची अमेरिकेतली, तिथे गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना त्याच फुलात येशूचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले होते. 5 आणि 3 बरोबर भरतात. कौरव मी एकदा चष्मा लावून मोजायला बसले होते, सत्तरच्या पुढे डोळे फिरले आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या भिंतीवरची मधुमालती कमिटीला काढायचीय. म्हणे मुळं प्लास्टर फोडतात, लिकेज होतं, उंदीर चढतात आणि डेंग्यू होतो. खरं काय? (मुलुंड)

उत्तर : कमिटीत आमचेही हे होते 6 वर्षं, त्यामुळे दोन्ही बाजू मला माहितीयत.

वेल चढते कशी हे आधी बघावं. मधुमालती, गोकर्ण स्वतःला आधाराभोवती गुंडाळतात, भिंतीत मुळं घालत नाहीत. कृष्णकमळ तणाव्याने, म्हणजे स्प्रिंगसारख्या बारीक हिरव्या दोऱ्याने धरतं. बोगनवेल तर नुसती काट्यांचा टेकू घेत दुसऱ्याच्या अंगावर रेलते. भिंतीला खरोखर चिकटतात त्या मुळांनी चढणाऱ्या, मनीप्लांट किंवा ती बारीक पानांची फायकसची वेल, ती ओढून काढली की रंगाचे पोपडे घेऊनच येते. प्लास्टर फोडणारा असतो तो भेगेत उगवलेला पिंपळ नाहीतर वड, आणि तो वेलीच्या आड लपला तर कोणाला दिसत नाही. तेव्हा कमिटीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये. ओलंही खरं आहे, दाट वेलीमागची भिंत पावसात वाळत नाही.

म्हणून तडजोड सुचवा. भिंतीपासून 8-10 इंच सोडून लोखंडी अँगल किंवा जीआय वायर लावून वेल त्याच्यावर घ्यायची. ड्रेनेजचा पाइप, गॅसची लाइन, केबल, एसीचं आउटडोअर युनिट यांच्यावर एक फांदीसुद्धा जाऊ द्यायची नाही, उंदीर त्या पाइपांवरूनच चढतो, वेल त्याला फक्त पायऱ्या देते. खालचे दोन-तीन फूट पानं काढून खोड मोकळं ठेवायचं. वर्षातून एकदा छाटणीच्या वेळी माळ्याकडून मागची भिंत तपासून पिंपळाची रोपं उपटून घ्यायची, त्याचे पैसे वेल पाहिजे म्हणणाऱ्यांनी भरायचे. हा शेवटचा मुद्दा मीटिंगमध्ये मांडा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

डेंग्यूचा डास वेलीत जन्मत नाही, तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात. कुंड्यांखालच्या ताटल्या पालिकेची माणसं येऊन बघतात ना, ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. पावसाळ्यात तर मी ताटल्या माळ्यावरच टाकते.

प्रश्न : जाईच्या वेलीवर कापसासारखं पांढरं लागलंय आणि मुंग्यांची रांग आहे. (डोंबिवली)

उत्तर : मिलीबग. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्यांना या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन पोसतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. जास्त भरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून कचऱ्यात, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा, आणि संध्याकाळी 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. दर आठवड्याला, तीन वेळा. भर उन्हात मारू नका, पानं भाजतात.

प्रश्न : ताई, आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्यात. मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेली जुई आहे, 40 वर्षांची तरी असेल, खोड मनगटाएवढं. सासूबाई आता नाहीत. भाड्याच्या घरात नुसतं बॉक्स ग्रिल आहे. ती कशी नेऊ? (लालबाग)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

अख्खी वेल उपटून न्यायचा विचार सोडा. एवढ्या जुन्या वेलीची मुळं लांब गेलेली असतात, ती तुटली की वरचं खोड बहुतेक वेळा तग धरत नाही. पण जुई दाब कलमाने अगदी सहज येते, आणि कलम म्हणजे दुसरी वेल नव्हे हो, तीच वेल, त्याच फांदीची. तुमच्या हातात पूर्ण पावसाळा आहे, याच्याहून चांगला मुहूर्त नाही.

पहिला पाऊस पडून जमीन गार झाली की बुंध्याजवळच्या, वाकवता येतील अशा पेन्सिलएवढ्या जाडीच्या 5-6 फांद्या निवडा. प्रत्येकीजवळ 8 इंची कुंडी ठेवा, त्यात लाल माती, जुनं शेणखत आणि थोडी रेती. फांदीचं एक पेर बघा, त्याच्या खालची साल बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी ब्लेडने खरवडा, फांदी तुटता कामा नये. तेवढा भाग कुंडीतल्या मातीत दोन इंच दाबून वर विटेचा तुकडा ठेवा, म्हणजे फांदी उसळून वर येणार नाही. शेंडा बाहेर ठेवून काडीला बांधा. झालं. आईशी नाळ जोडलेलीच असते, त्यामुळे तिला काही कळतसुद्धा नाही. माती ओली राहील एवढं बघा, आणि मुळं आली का म्हणून उकरून बघू नका, मी पहिल्यांदा दर चार दिवसांनी उकरायची आणि तिन्ही कलमं घालवली.

दीड-दोन महिन्यांत शेंड्याला नवीन पालवी दिसली की आईकडच्या बाजूने फांदी अर्धी कापा, आठ-दहा दिवसांनी पूर्ण. हे गणपतीच्या आसपास येईल, म्हणजे दिवाळीपर्यंत रोपं आपल्या पायावर उभी. एवढी खटपट जमणार नसेल तर 6-8 इंचाच्या काड्या कापून पावसात मातीत खोचा, त्याही लागतात, पण दहा लावल्या तर चार धरायच्या. दोन्ही करा खरं तर. बाकीच्या फांद्यांना हात लावू नका, पावसात जुई भरात असते आणि या वर्षीची फुलं तुम्हाला हवी असणार.

बॉक्स ग्रिलमध्ये एकच न्या, पूर्वेचं किंवा दक्षिणेचं ऊन येत असेल तिथे, आणि दोन वर्षं ती आखूडच ठेवा. उरलेली नणंदेकडे, शेजाऱ्यांकडे, गावी, जिथे अंगण आहे तिथे द्या. नवीन टॉवर व्हायला किती वर्षं लागतील हे बिल्डरलाही माहीत नसतं, तोवर कुठलं तरी एक कुठे तरी जगलेलं असेल आणि त्याचं पुन्हा कलम करता येईल.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. आमच्या गोकर्णाच्या वेलीला दोरी कुठे आहे ते कसं कळतं? तिला डोळे नसतात. मी दोरी दुसरीकडे बांधली तरी तिने शोधली. (भांडुप)

उत्तर : किती छान बघितलंस गं! तिला दोरी दिसत नाही, ती चाचपडते. लाइट गेल्यावर आपण हात पुढे करून गोल फिरवत भिंत शोधतो ना, तसा वेलीचा शेंडा हळूहळू गोल गोल फिरत असतो, इतका हळू की आपल्या लक्षात येत नाही. चार्ल्स डार्विन आजारी पडून खोलीत होते तेव्हा त्यांनी एक वेल कुंडीत लावून जवळ ठेवली आणि शेंड्याला एक फेरी मारायला किती वेळ लागतो ते मोजलं, उन्हाळ्यात दोन तासांहून थोडा जास्त. फिरता फिरता दोरी लागली की शेंडा तिच्याभोवतीच फिरत राहतो आणि विळखा बसतो.

कृष्णकमळाचा तणावा त्याहून हुशार, त्याला स्पर्श कळतो. काडी लागली की काडीच्या विरुद्ध बाजूची वाढ जास्त होते, मग तो आपोआप काडीकडे वळतो. नंतर त्याची स्प्रिंग होते, नीट बघ, अर्धी स्प्रिंग एका दिशेने वळलेली असते आणि मधेच दिशा बदलून उरलेली उलट. वारा आला की ती ताणते, तुटत नाही.

सुट्टी आहे अजून, तर एक कर. गोकर्णाच्या शेंड्याच्या मागे भिंतीवर पांढरा कागद चिकटव आणि दर 15 मिनिटांनी शेंडा जिथे असेल तिथे पेन्सिलने ठिपका काढ, शेजारी वेळ लिही. पंखा बंद ठेव, नाहीतर ठिपके कुठेही पडतील. कागद मला पाठव, आणि गॅलरी कुठल्या दिशेला ते लिहायला विसरू नकोस.